इस्मारसची लूट आणि राक्षसाच्या दोन गुहा

प्रवासवर्णनांत व मार्गदर्शक पुस्तकांत ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्दप्रयोग आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्याची चिकित्सा करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. अमुक स्थळ प्रेक्षणीय आणि तमुक नव्हे हें ठरवितो कोण, आणि कोणत्या प्रमाणानें? तेथें पाहण्यासारखें कांहीं शिल्लक आहे म्हणून, असें उत्तर बहुधा मिळतें. परंतु पुष्कळ ठिकाणीं शिल्लक राहिलेल्या वस्तूपेक्षां आधीं ऐकलेली कथाच प्रवाशास ओढून नेत असते. आणि एकदां कथेनें स्थळाचा ताबा घेतला म्हणजे तिच्यांतला कोणता भाग दाखवावयाचा व कोणता झांकून ठेवावयाचा हें स्थळाचे धनी ठरवूं लागतात. अशा ठिकाणीं स्थलदर्शन हा वाङ्मयवाचनाचाच एक प्रकार होतो, आणि वाचन आलें कीं टीकेला जागा होतेच. ग्रीस देशाच्या ईशान्य कोपऱ्यांतील एका सरहद्दीवरच्या बंदराकडे व त्याच्या परिसराकडे ह्या दृष्टीनें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

अलेक्झांड्रूपोली हें तें बंदर. नांव ऐकून वाचकांस शिकंदराची आठवण होईल, पण त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. जुनें नांव डेडेआच. रेल्वे आली तेव्हां, म्हणजे १८७० नंतरच्या दशकांत, ह्या किनाऱ्यावरच्या लहानशा वस्तीचें शहर होऊं लागलें. १८८० सालीं दीपगृह उभें राहिलें. पुढें बाल्कन युद्धानंतर कांहीं वर्षें गांव बल्गेरियाकडे होतें. आणि १९२० सालीं तें ग्रीसकडे आल्यावर त्या वेळच्या अलेक्झांडर राजाचें नांव त्याला मिळालें. पूर्वेस थोड्याच अंतरावर एव्रोस नदी समुद्राला मिळते, आणि १९२३ च्या लोझानच्या तहापासून ह्या नदीच्या पात्रांतून ग्रीस व तुर्कस्तान यांची सरहद्द गेलेली आहे. शहरांत दीपगृहाखालचा समुद्रकांठचा रस्ता आहे, थ्रेस प्रांताच्या लोकजीवनाचें एक चांगलें संग्रहालय आहे, आणि सॅमोथ्रेस बेटाकडे जाणारी आगबोट आहे. मार्गदर्शक पुस्तकें येथें फार रेंगाळत नाहींत. इस्तंबूलच्या वाटेवरचा मुक्काम, ह्यापलीकडे त्यांना ह्या गांवाचें कौतुक नाहीं. आणि केवळ इमारतींचाच हिशेब करावयाचा तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

खरी गंमत गांवाबाहेर आहे. पश्चिमेस दहाबारा किलोमीटरांवर माक्री म्हणून समुद्रकांठचें एक खेडें लागतें. तेथें नवाश्मयुगांतील वसाहतीचे अवशेष सांपडले आहेत. पण प्रवाशास तेथें नेतात तें मुख्यतः एक गुहा दाखविण्यासाठीं. होमरच्या ओडिसींत ज्या एकाक्ष राक्षसानें ओडिसिअसचे सोबती खाल्ले, त्या पॉलिफीमसची ही गुहा, असें सांगण्यांत येतें. ती पाहून प्रवासी समुद्रकांठानें आणखी पश्चिमेस मारोनियाला जातो, तों तेथेंहि एक गुहा. आणि तीहि त्याच पॉलिफीमसची! एका राक्षसाचीं हीं दोन बिऱ्हाडें पाहून कोणाला हंसूं आलें तर त्यानें तें आवरावें हें बरें. नाशिकजवळचीं बौद्ध लेणीं आपण पिढ्यान् पिढ्या पांडवलेणीं म्हणत आलों आहों, आणि सीतेची न्हाणी आपल्या किती डोंगरांवर आहे याची मोजदाद न केलेलीच बरी. लोकांना आपल्या घराजवळचा खडक महाकाव्यांत असावासा वाटतो. ह्यांत गैर कांहीं नाहीं. प्रश्न इतकाच, कीं एवढ्या मोठ्या काव्यांतून त्यांनीं नेमकें काय उचललें, आणि काय उचललें नाहीं.

होमरच्या कथेंत ह्या गुहेला ह्या किनाऱ्यावर जागा नाहीं. ट्रॉय सोडल्यावर ओडिसिअसचीं बारा गलबतें प्रथम ह्या बाजूस लागलीं, हें खरें. पण राक्षसाची भेट त्यानंतरची आहे. येथून निघाल्यावर तीं गलबतें वादळांत सांपडलीं, ग्रीसच्या दक्षिण टोंकाला मालिआच्या भूशिरापर्यंत पोंचलीं, तेथून नऊ दिवस वाऱ्यानें भलतीकडे वाहवत गेलीं, दहाव्या दिवशीं कमळें खाणाऱ्या लोकांच्या देशाला लागलीं, आणि त्याच्याहि पुढें सायक्लोप्सची भूमि आली. प्राचीन ग्रीक लोक हे राक्षस सिसिलींत राहत असें मानीत. मग ते थ्रेसच्या किनाऱ्यावर आले कसे?

ते आले मद्याच्या वासानें, असें मला वाटतें. ज्या मद्यानें पॉलिफीमस झिंगला आणि आपला डोळा गमावून बसला, तें मद्य मात्र निःसंशय इथलें. तें ओडिसिअसला मारोन नांवाच्या माणसानें दिलें होतें. हा मारोन इस्मारस नगरींतल्या अपोलोचा पुजारी. देवाच्या राईंत बायकोमुलांसह राहत असे. त्याला अभय दिल्याबद्दल त्यानें सात टॅलेंट सोनें, चांदीचें एक पात्र आणि मद्याचे बारा कुंभ दिले. घरांत ह्या मद्याचा ठाव तो स्वतः, त्याची बायको आणि एक कोठीवाली ह्यांनाच ठाऊक होता. आणि एका पेल्याला वीस मापें पाणी घातलें तरी त्याचा दरवळ माणसाला स्वस्थ बसूं देत नसे. होमरची ही अतिशयोक्ति कोणी समजेल, तर पहिल्या शतकांत रोमन पंडित प्लिनीनें लिहून ठेवलेली हकीकत पाहावी. तीन वेळां कॉन्सल झालेला म्युसिआनस त्या प्रांतांत असतांना त्यानें पाहिलें, कीं मारोनियाच्या मद्यांत लोक ऐंशी पट पाणी घालतात! मारोनिया शहरानें आपल्या नाण्यांवर द्राक्षवेल कोरली. मद्य इथलें, म्हणून राक्षसहि इथला. अशी ही लोकांची तर्कपद्धति आहे.

परंतु हें मद्य ओडिसिअसच्या हातीं आलें कसें, ह्याची कथा त्याच नवव्या सर्गाच्या आरंभीं आहे, आणि ती सांगणारी गुहा कोठेंच नाहीं. वर्गांत ओडिसी शिकवितांना माझा नेहमींचा अनुभव असा कीं, विद्यार्थी हा भाग पानें उलटून ओलांडतात आणि राक्षसापाशीं जाऊन थांबतात. परीक्षकहि प्रश्न विचारतात तो राक्षसावर. मूळांत हा भाग जेमतेम तेवीस ओळींचा. ओडिसिअस स्वतःच्या तोंडानें सांगतो: वाऱ्यानें आम्हांस किकोनी लोकांच्या इस्मारस नगरीला आणलें, मीं तें नगर लुटलें, पुरुष मारले, बायका व धन बाहेर काढून सर्वांना सारखी वांटणी करून दिली. मग निघावें असें त्यानें म्हटलें, पण सोबती ऐकेनात. ते पीत बसले आणि किनाऱ्यावर मेंढरें कापीत राहिले. इतक्यांत पळालेल्या किकोनींनीं आंतल्या मुलखांतल्या आपल्या भाऊबंदांना हांका मारल्या. सकाळीं तें सैन्य येऊन पडलें, दिवसभर झुंज झाली, आणि सूर्य कलतां कलतां ओडिसिअसच्या लोकांनीं पाय काढला. प्रत्येक गलबतामागें सहा माणसें पडलीं, म्हणजे एकंदर बहात्तर.

लुटीचें कारण? तो एका शब्दानें सांगत नाहीं. भाष्यकारांनीं त्याच्या वतीनें तें शोधून काढलें आहे. इलिअडच्या दुसऱ्या सर्गांत ट्रॉयच्या मित्रसैन्याच्या यादींत किकोनी आहेत. तेव्हां हें युद्धाचेंच शेपूट, असा त्यांचा बचाव. हा बचाव वकिली आहे, वाङ्मयीन नव्हे. कवीला ती यादी ठाऊक होती, श्रोत्यांनाहि ठाऊक होती, आणि तरी येथें तिचा उच्चार नाहीं. वारा तेथें घेऊन गेला, ह्यापलीकडे निमित्त दिलेलें नाहीं. कोणी असेंहि म्हणतील कीं, त्या काळीं चांचेगिरी निंद्य मानीत नसत, आणि आजच्या नीतीचें माप होमरला लावूं नये. हें म्हणणें मला मान्य होण्यासारखें होतें. पण आठवा सर्ग आड येतो.

आठव्या सर्गाच्या शेवटीं, परक्या राजाच्या सभेंत, आंधळा गायक ट्रॉयच्या पाडावाची कथा गातो आणि ओडिसिअसच्या डोळ्यांना धार लागते. ह्या रडण्याला कवीनें जी उपमा दिली आहे तिच्या तोडीची उपमा मला तरी दुसरीकडे आढळली नाहीं. आपल्या नगरापुढें लढतां लढतां पडलेल्या नवऱ्याच्या देहावर एखाद्या स्त्रीनें अंग टाकून आक्रोश करावा, आणि मागून शत्रूंनीं भाल्यांच्या दांड्यांनीं तिच्या पाठीखांद्यावर मारीत तिला दास्यांत ओढून न्यावें, तशी ती स्त्री जशी रडेल तसा हा रडला! जिंकणारा जिंकलेल्याच्या विधवेसारखा रडतो. मग राजा त्याला विचारतो, तूं कोण? आणि नववा सर्ग सुरू होतो. नांवगांव सांगून झाल्यावर आपल्या प्रवासांतली पहिलीच घटना म्हणून ओडिसिअस काय सांगतो? इस्मारसचे पुरुष मारले आणि त्यांच्या बायका वांटून घेतल्या. उपमेंतली ती स्त्री आणि ह्या बायका यांमध्यें मोजकींच पानें आहेत. ही जोडणी अजाणतां झाली असें ज्याला वाटेल त्याला वाटो. कवि कोठेंहि निकाल देत नाहीं, आणि ओडिसिअसला तर दोन गोष्टींतला संबंध दिसतच नाहीं. तो श्रोत्याला दिसावा अशी ही रचना आहे.

भूगोलाचा विचार केल्यास ही गोष्ट अधिकच टोंचते. होमरला हा समुद्र चांगला माहीत होता. अलेक्झांड्रूपोलीच्या किनाऱ्यावरून समोर सॅमोथ्रेसचा डोंगर दिसतो. उंची १६११ मीटर. इलिअडच्या तेराव्या सर्गांत समुद्रदेव त्याच्या शिखरावर बसून ट्रॉयचें युद्ध पाहतो. १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ईओथेन’ ह्या प्रवासग्रंथांत किंगलेकनें ह्यासंबंधीं एक मोठा मनोवेधक अनुभव लिहिला आहे. नकाशांत पाहिलें तर सॅमोथ्रेस आणि ट्रॉयचा किनारा यांच्यामध्यें इम्ब्रोस बेट आडवें येतें. म्हणून देवाला तेथून युद्ध दिसणें शक्य नाहीं, होमर चुकला, असें त्याला वाटलें होतें. पण ट्रॉयच्या किनाऱ्यावर उभा राहून तो पाहतो, तों इम्ब्रोसच्या माथ्यावरून सॅमोथ्रेसनें डोकें वर काढलेलें! नकाशा खोटा पडला आणि कवि खरा ठरला. असा हा काटेकोर कवि इस्मारसला नकाशावर ठेवतो. मालिआपर्यंत नकाशा सोडीत नाहीं. आणि त्यानंतरच्या नऊ दिवसांच्या वाऱ्यांत नकाशाचें बोट सोडून देतो. कमळभक्षक, राक्षस, चेटकीण, मृतांचा लोक, हें सारें त्या वाऱ्यापलीकडचें. म्हणजे ओडिसिअसच्या ह्या स्वमुखें सांगितलेल्या प्रवासांत, पायांनीं जाऊन उभें राहतां येईल अशा भूमीवर घडलेली मोठी घटना एकच, आणि ती एका नगराची लूट. जें कोठेंच नव्हतें त्याच्यासाठीं ह्या किनाऱ्यावर दोन दोन गुहा आहेत. जें खरोखर येथें होतें त्याची वाट विचारणारा प्रवासी क्वचित्.

राक्षसाच्या कथेंतहि एक गोष्ट सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. ओडिसिअस त्या गुहेंत जातो तो अन्नासाठीं नव्हे. सोबती म्हणत होते, चीज उचलूं, करडें-कोंकरें हांकून नेऊं आणि निघूं. तो नाहीं म्हणाला; त्याला गुहेचा धनी पाहावयाचा होता, आणि पाहुणा म्हणून तो आपल्याला काय देतो हें अजमावयाचें होतें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर तो तेथें प्रेक्षणीय स्थळ पाहावयास गेला होता! धनी घरीं नसतां आंत शिरून त्याचें चीज खाऊन झाल्यावर हा गृहस्थ त्याला अतिथिधर्म शिकवितो. परक्यांचा कैवारी झ्यूस आहे, अशी आठवण देतो. आणि हें सर्व करीत असतां त्याच्या खांद्यावरच्या बुधल्यांत इस्मारसचें मद्य आहे. अतिथिधर्म पाळला नाहीं म्हणून पॉलिफीमस राक्षस ठरला. किकोनींच्या दारीं जो परका आला होता त्याला काय म्हणावयाचें, हा प्रश्न काव्यांत कोणी विचारीत नाहीं.

किकोनींनीं स्वतः काय म्हटलें असतें, हें कळण्यास साधन नाहीं. हिरोडोटस ह्या किनाऱ्याचें वर्णन करतांना सांगतो कीं, हा मुलूख पूर्वीं किकोनींचा होता; त्याच्या काळापर्यंत येथें ग्रीकांचीं गांवें वसलीं होतीं. त्यांतल्या झोनी नगराचे अवशेष माक्रीच्या पश्चिमेस समुद्रालगत पाहावयास मिळतात, आणि हें स्थळ मात्र प्रवाशानें चुकवूं नये. तेथील अपोलोच्या देवळांत खापऱ्या सांपडल्या आहेत. त्यांवर ग्रीक लिपींत पण थ्रेशियन भाषेंत देवाला अर्पण केल्याचे लेख आहेत. थ्रेसच्या लोकांच्या तोंडचे म्हणतां येतील असे शब्द फारच थोडे, त्यांतलेच हे. बाकी त्यांच्याविषयीं जें कळतें तें परक्यांकडून: होमरकडून, हिरोडोटसकडून, किंवा त्या रोमन कवींकडून, ज्यांनीं ऑर्फिअस ह्या आद्य गायकाला फाडून टाकल्याचा दोष किकोनींच्या बायकांवर ठेवला.

बंदराच्या पूर्वेस, नदीकडे जातांना, डोरिस्कसचें मैदान लागतें. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीझ यानें ग्रीसवर स्वारी करतांना येथें आपलें सैन्य मोजलें. मोजण्याची रीत हिरोडोटसनें दिली आहे. दहा हजार माणसें दाटीवाटीनें उभीं करून त्यांच्याभोंवतीं रेघ आंखली, रेघेवर बेंबीइतकी उंच भिंत घातली, आणि मग सारें सैन्य तुकडीतुकडीनें त्या कोंडवाड्यांत भरून बाहेर काढलें. आंकडा निघाला सतरा लक्ष. आंकड्यावर आज कोणी विश्वास ठेवीत नाहीं, पण रीत ध्यानांत राहण्यासारखी आहे: माणूस मोजावयाचा नाहीं, जागा मोजावयाची. पुढें ह्या सैन्याच्या वाटेवर जीं थ्रेशियन कुळें राहत होतीं त्यांना बळजबरीनें बरोबर घेण्यांत आलें. त्यांच्या यादींत किकोनींचें नांव पुन्हां येतें.

ह्या पूर्वबाजूस आणखी दोनतीन स्थळें आहेत. त्यांपैकीं फेरीसचें देऊळ, सम्राट् अलेक्सिअस कोम्नेनस याचा पुत्र आयझॅक यानें ११५२ च्या सुमारास बांधविलेलें, भव्य आहे. नदीच्या मुखाजवळची दलदल पाणपक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु मला त्या सर्वांत महत्त्वाची वाटते ती ट्रायानूपोलिस येथील उन्हाळ्यांजवळची धर्मशाळा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तुर्की सेनापति गाझी एव्रेनोस यानें ती वाटसरूंसाठीं बांधली. लांबट, जाड भिंतींची, अगदीं साधी इमारत. राक्षसाच्या गुहेसाठीं थांबणारी गाडी येथें बहुतकरून थांबत नाहीं. अतिथिधर्माविषयीं ह्या परिसरांत प्रत्यक्ष दगडांत कांहीं लिहिलेलें असेल तर तें येथें आहे, आणि तें अशा एका विजेत्यानें लिहिलेलें आहे ज्याचें कौतुक स्थानिक पुस्तकांत होणें कठीण.

परका किनाऱ्यावर येतो, हा विषय ह्या भूमीवर जुना झालेला नाहीं. सीरिया, अफगाणिस्तान, इराक, पाकिस्तान अशा देशांतून निघालेले लोक गेलीं कित्येक वर्षें रात्रीच्या वेळीं एव्रोस ओलांडीत आले आहेत. सरहद्दीच्या उत्तर भागांत २०१२ सालीं कुंपण घालण्यांत आलें व पुढें तें वाढविण्यांत आलें. कोणी नदींत बुडतात, कोणी थंडीनें रानांत मरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्यें अलेक्झांड्रूपोलीच्या परिसरांत जो वणवा लागला तो तोपर्यंत युरोपीय संघांत नोंदल्या गेलेल्या वणव्यांत सर्वांत मोठा होता. गिधाडांसाठीं विख्यात असलेल्या दादिआच्या अरण्याचा मोठा भाग त्यांत जळला. आणि २२ ऑगस्ट रोजीं आवांता गांवाजवळ अठरा माणसांचे जळलेले देह मिळाले. ते सरहद्द ओलांडून रानांत लपलेले लोक असावेत असें त्या वेळींच अधिकाऱ्यांनीं सांगितलें. येणारा लुटारू आहे कीं शरणार्थी आहे, हें किनाऱ्यावरच्या माणसाला अंधारांत ओळखूं येत नाहीं, असा युक्तिवाद दोन्ही बाजूंनीं करतां येईल. इस्मारसची कथा ज्यानें नीट वाचली आहे त्याला तरी तो हलका वाटणार नाहीं. पण ह्या अठराजणांच्या हातीं भाले नव्हते.

अलेक्झांड्रूपोलीच्या इस्पितळांत अशा मृतांची तपासणी होते. नांव कळलें नाहीं तर देहाबरोबर सांपडलेली अंगठी, घड्याळ, तावीज, किल्ली, जें असेल तें वेगवेगळ्या पाकिटांत घालून जपून ठेवण्याची पद्धत तेथील न्यायवैद्यक तज्ज्ञानें पाडली आहे. कधीं काळीं कोणी नातलग विचारीत आला तर ओळख पटावी म्हणून. पुष्कळांना डोंगरांतल्या सिदिरो गांवच्या मुफ्तींनीं मूठमाती दिली आहे. हीं पाकिटें पाहावयास जाण्याचीं स्थळें नव्हेत, आणि कोणी तीं तशीं करूंहि नयेत. पण ह्या गांवाचें वर्णन करणाऱ्या पुस्तकांत त्यांना एखादें वाक्यहि मिळूं नये, आणि दोन गुहांना दोन पानें मिळावीं, ही निवड केवळ जागेच्या अभावीं झाली असें मला वाटत नाहीं.

इस्मारसहून पळतांना ओडिसिअसनें एक गोष्ट केली, तीहि त्याच प्रसंगाच्या शेवटीं आली आहे. मैदानांत पडलेल्या आपल्या प्रत्येक सोबत्याला तीनदां हांक मारल्याशिवाय त्यानें गलबतें पुढें जाऊं दिलीं नाहींत. बहात्तर माणसें, तीन तीन हांका. आणि त्यांतलें एकहि नांव होमरनें आपल्यापर्यंत पोंचविलेलें नाहीं. मारोनियाच्या वर, इस्मारस डोंगराच्या एका टेकडीवर, प्रागैतिहासिक काळच्या तटाचे ओबडधोबड प्रचंड दगड अजून उभे आहेत. तेथें एखादी पाटी लावावयाची कोणी मनांत आणलें, तर तिच्यावर लिहावयास त्या नगरींतलें एकच नांव काव्यांत सांपडेल, आणि तें ज्यानें मद्य दिलें त्याचें.